इंजिन बसतं हो, गाडी थांबते का?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या अंकात पहिल्या पानावर एक फोटो होता. जप्त केलेले सायलेन्सर रस्त्यावर ओळीनं मांडलेले आणि त्यांच्यावरून रोडरोलर चाललेला. फोटो बघून बरं वाटलं. आमच्या गल्लीतून रात्री अकराला फटाके फोडत जाणारी दोन पोरं आहेत, त्यांचे सायलेन्सर त्या ओळीत असतील तर आणखी बरं. पण बातमीच्या शेवटी एक वाक्य होतं. जुन्या मोटारसायकलींना मोठी इंजिनं बसवण्याचं फॅड वाढलंय, त्यावरही कारवाई होणार, एवढंच. त्या एका ओळीत माझ्या आयुष्यातली बरीच वर्षं गेली आहेत, म्हणून हे पत्र. लांबलंय. काटछाट करायची तर खुशाल करा, पण ब्रेकचा भाग तेवढा ठेवा.

मी शिवाजी उद्यमनगरात 41 वर्षं लेथ चालवली. ऑइल इंजिनचे लायनर, पंपाचे शाफ्ट, ऊस गाड्यांचे बुश, मिळेल ते काम. मोटारसायकल हा धंदा नव्हता, नाद होता. आता वय 68. लेथ पोरगा बघतो, मी कोपऱ्यात स्टूल टाकून बसतो आणि न विचारता सल्ले देतो.

तुमचा फोटो आला त्याच्या दुसऱ्याच दिवशी तीन पोरं छोटा हत्ती घेऊन दारात उभी. मागे मरून रंगाची जावा मोटारसायकल, आजोबांची, 1966 ची. शेजारी पोत्यात गुंडाळलेलं इंजिन. पोतं सोडलं तर आत अपघातातल्या केटीएमच्या ड्यूक 390 या मोटारसायकलचं इंजिन. वायरींचा गुंता, रेडिएटर, काळी पेटी, सगळं एका बादलीत.

“काका, बसतंय का बघा की.”

मी टेप लावला. जावाचं इंजिन आधीच उतरवलेलं होतं, त्यामुळं फ्रेमचं पोट मोकळं होतं. लांबी, रुंदी, पुढच्या पाईपपासूनचं अंतर घेतलं.

“बसतंय.”

तिघांची तोंडं फुलली. एकानं तर फोन काढून कुणाला तरी कळवायलाही घेतलं.

“बसतंय रे, पण थांबतंय का?”

“काय?”

“गाडी.”

तिघं एकमेकांकडं बघायला लागले. हा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारला नव्हता. त्यांना हसायचा अधिकार मला नाही, कारण चौतीस वर्षांमागं मीही तो विचारला नव्हता.

आमच्या वडिलांनी 1964 मध्ये जावा घेतली. म्हैसूरची आयडियल जावा कंपनी तेव्हा नवी होती. चेकोस्लोव्हाकियातल्या टाइप 353 ची गाडी इथं बनायला लागून तीनच वर्षं झाली होती. 250 सीसी, एक सिलिंडर, बारा हॉर्सपॉवर. सिलिंडर एक पण सायलेन्सर दोन, दोन्ही बाजूंनी एकेक. पेठेतली माणसं सायलेन्सर मोजायची आणि ‘डबल इंजिनची गाडी’ म्हणायची. वडील कुणाचा गैरसमज दूर करायच्या भानगडीत पडत नसत. किकचा दांडा पुढं फिरवला की तोच गिअरचा दांडा व्हायचा, हे गावाकडच्या पाहुण्यांना दाखवण्यात त्यांचे कित्येक रविवार गेले.

1991 पर्यंत ते इंजिन दमलं होतं. बोअर दोनदा मारून, म्हणजे सिलिंडर आतून घासून मोठा करून झालेला, त्यात बसेल असा तिसरा ओव्हरसाईज (आणखी मोठा) पिस्टन मिळेना. त्यातच एका स्क्रॅपवाल्याकडं येझदीच्या 350 ट्विनचं इंजिन आलं. गाडीचा पुढचा भाग चेपलेला, इंजिनला ओरखडा नाही. 1,900 रुपये म्हणाला, मी घासाघीसही केली नाही. दोन सिलिंडर, 58 मिलिमीटरचा बोअर, 65 चा स्ट्रोक (पिस्टनची धाव), 343 सीसी. मनात म्हटलं, आता आपली गाडी खरंच डबल इंजिनची होणार.

माझ्याकडं एक पक्का युक्तिवादही होता. चेक कारखान्यानं स्वतःच 250 ची 353 आणि 350 ट्विनची 354 जवळपास एकाच फ्रेमवर काढली होती. म्हणजे फ्रेम पेलते, हे कंपनीनंच सिद्ध केलंय! यात दोन चुका होत्या. एक, माझ्या हातात होतं ते इंजिन 354 चं नव्हतं. त्याच घराण्यातलं, पण खूप नंतरचं आणि जास्त ताकदीचं, माउंटिंगची, म्हणजे इंजिन फ्रेमला बसवायची, भोकंसुद्धा वेगळी. दुसरी चूक जास्त लाजिरवाणी. मापं घेण्यात माझा हात धरणारा गल्लीत कुणी नव्हता, पण फ्रेमचं वय मी मोजलंच नाही. 27 वर्षं कोल्हापूर-राधानगरीचा रस्ता खाल्लेली फ्रेम होती ती.

काम मात्र मन लावून केलं. ते सांगितल्याशिवाय राहवत नाही, कारण नादातली मजा तिथंच असते. लग्नपत्रिकांच्या पुठ्ठ्यांचे साचे कापले, मग 6 मिलिमीटरच्या पत्र्याच्या इंजिन प्लेटा केल्या. इंजिन लाकडी ठोकळ्यांवर उचलून फ्रेममध्ये अधांतरी ठेवलं आणि मागच्या स्प्रॉकेटपासून (चेनच्या दातेरी चाकापासून) पुढच्यापर्यंत दोरा ताणला. चेन लाईन 4 मिलिमीटर बाहेर. हे चार मिलिमीटर म्हणजे काय, ते बाहेरच्या माणसाला कळायचं नाही. चेन तिरकी चालली की स्प्रॉकेटचे दात एका अंगानं खाते, आवाज करते आणि एक दिवस तुटून केसिंग फोडते. इंजिन सरकवून बघितलं तर डाव्या अंगाला टेकायला लागलं. शेवटी मागच्या स्प्रॉकेटचं तोंड लेथवर उतरवून दोरा सरळ केला. एवढ्या कामाला तीन रविवार लागले.

सायलेन्सरचे बेंड जुने बसेनात, कारण जुन्या गाडीचे दोन्ही पाईप एकाच सिलिंडरमधून निघायचे, आता दोन सिलिंडर शेजारीशेजारी. नवीन पाईप घेतला, त्यात पंचगंगेची सुकवलेली वाळू ठासून भरली, दोन्ही तोंडांना लाकडी गुट्टे ठोकले आणि ओळखीच्या लोहाराच्या भट्टीत लाल करून वाकवला. वाळू भरली की पाईप वळताना चपटा होत नाही. वाळू ओली राहिली तर मात्र वाफेनं गुट्टा बंदुकीच्या गोळीसारखा सुटतो. एक सुटला, लोहाराच्या कौलातून गेला. एअर फिल्टरचा मूळ डबा बसेना म्हणून डालड्याच्या डब्याचा केला. हसू नका, सात महिने चालला.

आणि फ्रेमच्या पुढच्या पाईपवर इंजिनचं माउंटिंग जोडलं, आर्क वेल्डिंगनं, पाईपला आडवी शिवण मारून. वर ती शिवण चांगली दिसावी म्हणून ग्राइंडरनं घासून अशी सपाट केली की रंग दिल्यावर जोड कुठं आहे ते दिसेना. बघायला येणारे बोट फिरवून ‘वा’ म्हणायचे.

तेव्हा कायद्यानं हे सगळं करता येत होतं. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आजच्यासारखं नव्हतं. आरटीओला आगाऊ कळवून, मंजुरी घेऊन बदल करता येत असे. मी अर्ज केला, फी भरली. ज्या कार्यालयात गाडी दाखवली तिथल्या साहेबांनी इंजिन नंबरवर कागद ठेवून पेन्सिलची छाप घेतली, चासी नंबरची घेतली, आरसी बुकात नोंद करून शिक्का मारला. ब्रेक दाबून बघितला नाही. मीही सुचवलं नाही. काम दहा मिनिटांत झालं म्हणून बाहेर येऊन चहा प्यायलो.

पहिल्या दिवशी वाघबीळपासून पन्हाळ्याची चढण सौ.ला मागं बसवून तिसऱ्या गिअरमध्ये चढलो. जुनी जावा तिथं दुसऱ्यात कण्हायची. कागलच्या रस्त्याला काटा शंभरच्या पुढं जाऊन थरथरायला लागला. बुलेटवाले ओळखीचे होते, त्यांना मागं टाकून वळून बघितलं. मला आयुष्यात दारूची नशा माहीत नाही, पण ही माहीत आहे.

1992 चे गौरी-गणपती. सौ.चं माहेर तळेऱ्याला. गगनबावड्यापर्यंत पाऊस भुरभुरत होता, करूळ घाट सुरू झाला तसा धो धो लागला. चढणीचा विचार मी वर्षभर केला होता, उतरणीचा केलाच नव्हता. टू-स्ट्रोक गाडीला इंजिनची ओढ अशी नसतेच. थ्रॉटल सोडला तरी गाडी धावतच राहते. शिवाय तेल पेट्रोलमध्ये मिसळलेलं असतं. थ्रॉटल बंद ठेवून लांब उतार उतरलात तर इंजिनला पेट्रोल मिळत नाही, म्हणजे तेलही मिळत नाही, आणि पिस्टन जाम होऊ शकतो. म्हणून क्लच दाबून मधूनमधून थ्रॉटल फिरवायचा. म्हणजे सगळा भार ब्रेकवर. आणि ब्रेक कोणते? 1964 चेच. 160 मिलिमीटरचे ड्रम, पुढं एक, मागं एक. लायनर नवे होते, एवढंच.

चौथ्या की पाचव्या वळणाला पुढच्या ब्रेकचा दांडा हँडलला येऊन टेकला आणि गाडीचा वेग तसाच राहिला. ड्रम आतून तापलेला, बाहेरून पाणी. मागचा ब्रेक पायानं उभा राहून दाबला, तर चाक घसरायला लागलं. समोरून एसटी वर चढत होती. ड्रायव्हरनं एसटी डोंगराच्या बाजूला दाबून आम्हाला जागा दिली, त्या माणसाचं तोंडही मी बघितलं नाही. मी गाडी डाव्या अंगाच्या गटारीत घातली. मऊ चिखल होता, गाडी थांबली. सौ. उतरली. एक शब्द बोलली नाही. पिशवीतली मोदकाची पात्रं वाजली तेवढाच आवाज. मग म्हणाली, “मी चालत उतरते.” आणि खरोखरच छत्री उघडून चालायला लागली. मी मागून पहिल्या गिअरमध्ये तिच्या वेगानं गाडी आणत होतो. लोक बघत होते.

वैभववाडीला एका टपरीपाशी थांबलो. गाडी पुसायला घेतली तर पुढच्या पाईपवर, जिथं बोट फिरवून लोक वा म्हणायचे तिथंच, केसाएवढी तांबूस रेघ. रंग फुटलेला आणि आतून गंज पाझरलेला. म्हणजे चीर आजची नव्हती. ती आत काही आठवडे तरी चालत होती आणि मी तिच्यावर बसून शंभरच्या वेगानं बुलेटवाल्यांना वाकुल्या दाखवत होतो. पाईपच्या घेराचा अर्ध्याहून जास्त भाग गेला होता. येताना गाडी जांभ्याच्या चिऱ्यांच्या ट्रकवर टाकून आणली, सौ. एसटीनं आली.

ही चीर का पडली, ते मला पुढच्या काही वर्षांत फाउंड्रीतल्या जाणत्या माणसांकडून कळलं. पाईप पातळ, प्लेट जाड. पातळ धातूला जाड धातू जोडला की सगळा ताण जोडाच्या काठावर गोळा होतो. पाईपला आडवी शिवण मारली की तापलेल्या धातूची एक पूर्ण बांगडी तयार होते आणि पाईप त्या बांगडीच्या काठावर वाकायला बघतो. त्यापेक्षा प्लेटची टोकं माशाच्या तोंडासारखी कापून शिवण पाईपच्या लांबीच्या दिशेनं उतरवत न्यावी, म्हणजे ताण पसरतो. शिवण घासून सपाट करणं म्हणजे आपणच तिचं मांस काढणं. आणि धक्के. एका सिलिंडरची गाडी एका तालात हादरते, फ्रेम त्या तालाला सरावलेली असते. दोन सिलिंडरच्या टू-स्ट्रोकमध्ये एक पिस्टन वर तेव्हा दुसरा खाली. हँडलला गाडी गुळगुळीत लागते, पण इंजिन आडव्या अंगानं डुलायला बघतं, आणि ते डुलणं माउंटिंगवर येतं. हँडलला हादरा नाही म्हणून मी खूश होतो. हादरा कुठं गेला, ते विचारलं नाही.

ब्रेकचं गणित तर शाळेतलं आहे. गाडीत साठलेली ऊर्जा वेगाच्या वर्गानं वाढते. ताशी 60 वरून 85 वर गेलात तर वेग दीडपटीलाही पोचत नाही, पण थांबवायची ऊर्जा दुप्पट होते. ती सगळी उष्णता होऊन त्या 160 मिलिमीटरच्या ड्रममध्ये जाते. मोठं इंजिन बसवताना आपण वाढवतो ती ड्रमवरची जबाबदारी, आणि ड्रम तेवढाच राहतो. पोरांनी आणलेलं इंजिन 373 सीसीचं, 43 हॉर्सपॉवरचं. जावाच्या साडेतीन पट. ते ज्या गाडीतून निघालं तिला पुढं 300 मिलिमीटरची डिस्क आणि एबीएस, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक अडकू न देणारी यंत्रणा, होतं. ते मात्र कुणी पोत्यात घालून आणलं नव्हतं.

मोठं इंजिन म्हणजे जास्त सीसी, असंही समजू नये. आमच्या भागात एका काळी डिझेल बुलेट बऱ्याच होत्या. कंपनीनं स्वतःची डिझेल गाडीही काढली होती, टॉरस, 325 सीसी, साडेसहा हॉर्सपॉवर. पेट्रोलच्या बुलेटचं इंजिन 346 सीसी आणि 18 हॉर्सपॉवर. म्हणजे कागदावर डिझेल इंजिन लहान आणि दुबळं. पण डिझेलचा प्रत्येक ठोका घणासारखा. शेतकऱ्यांनी शेतावरची इंजिनं जुन्या बुलेटमध्ये बसवलेली मी बघितली आहेत. वेग नाही, ब्रेकला त्रास नाही, पेट्रोलचा खर्च नाही. पण हेडलाइटचा बल्ब महिन्याला, नंबरप्लेटचे बोल्ट आठवड्याला, आणि ओळखीच्या एकाची टाकी तळातून तडकली. अंगावर डिझेल शिंपडत तो उसाच्या फडातून घरी आला. त्याला गाडी विकायला सांगितली तर म्हणाला, “लिटरला केवढं पळते ते बघा की!” खरं होतं, मला पुढं बोलता आलं नाही.

मला एक गिऱ्हाईक पुण्याहून जुनी इंग्रजी मासिकं आणून द्यायचं. त्यात ट्रायटन नावाच्या गाडीबद्दल वाचलं. इंग्लंडमधल्या पोरांनी 1950-60 च्या दशकात घरच्या घरी जोडलेली गाडी, इंजिन ट्रायम्फचं, फ्रेम नॉर्टनची. ही फ्रेम बेलफास्टच्या मॅकँडलेस भावांनी केलेली. 1950 पासून नॉर्टन तिच्यावर शर्यती जिंकायला लागली. हॅरॉल्ड डॅनियल नावाचा शर्यतवीर तिच्यावर बसून म्हणाला, पिसांच्या गादीवर बसल्यासारखं वाटतं, म्हणून तिचं नाव फेदरबेड. मौज अशी की तिथं छोट्या शर्यतीच्या मोटारी बनवणाऱ्यांना नॉर्टनचं मँक्स इंजिन हवं असायचं. कंपनी नुसतं इंजिन विकायची नाही, म्हणून ते अख्खी मोटारसायकल विकत घ्यायचे, इंजिन काढून घ्यायचे आणि उरलेली फ्रेम विकून टाकायचे. त्या रिकाम्या फ्रेममध्ये पोरांनी ट्रायम्फचं इंजिन घातलं. काहींनी तर व्हिन्सेंटचं हजार सीसीचं व्ही-ट्विन घातलं. हे वाचलं तेव्हा मी माझ्या आरसी बुकातल्या शिक्क्याकडं बघून कपाळावर हात मारला. त्यांनी आधी उत्तम फ्रेम हातात घेतली आणि मग तिला इंजिन शोधलं. मी स्वस्त इंजिन बघून आधी खिशात हात घातला.

आता कायद्याकडं येतो. 2000 मधल्या दुरुस्तीनंतर कलम 52 नं मालकाच्या हातातून हे काढून घेतलं. कंपनीनं दिलेल्या मूळ तपशिलाशी आरसीतला तपशील जुळला पाहिजे. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं केरळच्या एका प्रकरणात हेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षी कायद्यात कलम 182 अ आलं. परवानगी नसलेला बदल केला तर मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागं 5,000 रुपये दंड, किंवा दोन्ही. 2021 च्या नियमांत 50 वर्षांहून जुन्या गाड्यांना व्हिंटेज नोंदणी मिळते, नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं येतात, पण चासी किंवा इंजिनात मोठा फेरफार केलेला नसला पाहिजे. हे नियम मला मान्य आहेत. माझ्यासारख्यांमुळंच ते आले असतील.

पण एक गोष्ट मला समजत नाही. त्याच कलम 52 मध्ये इंधन बदलायला वाट ठेवलेली आहे. मान्यताप्राप्त किट असेल तर सीएनजी बसवता येतं, पेट्रोल इंजिन काढून विजेची मोटरही बसवता येते. पुण्यात एआरएआयसारख्या वाहनं तपासणाऱ्या संस्था त्या किटची चाचणी घेतात. म्हणजे जुन्या फ्रेममध्ये दुसरं काहीतरी बसवणं हे सरकारला मुळात अशक्य वाटत नाही. चाचणी झाली की चालतं. मग एकट्या माणसानं, एकच गाडी, नीट विचार करून केली असेल तर तिची चाचणी का नाही? माझा भाचा जर्मनीत आहे. त्यानं जुन्या गाडीचं नुसतं हँडल बदललं तर टीयूव्हीच्या, म्हणजे तिथल्या गाड्या तपासणाऱ्या संस्थेच्या, माणसानं ते मापून, चालवून बघून कागदपत्रांत नोंद करून दिली. ब्रिटनमध्ये कित्येक वर्षं एक पद्धत होती, फेरफार केलेल्या गाडीला जुना नंबर ठेवायचा तर आठ गुण लागायचे. त्यात मूळ फ्रेमला पाच गुण आणि इंजिनला एक. हे कळलं तेव्हा वाटलं, गाडी म्हणजे काय ते यांना माहीत आहे.

आपल्याकडं बंदी आहे आणि काम चालूच आहे. मला ते दिसतं. इंजिन नंबर घासून दुसरा ठोकून देणारेही आहेत, भाव सांगत नाही. बंदीमुळं झालं एवढंच की पोरं आता दाखवायला जायचं बंद झाली. 1991 मध्ये मी निदान गाडी घेऊन साहेबासमोर उभा तरी राहिलो होतो. त्यानं पेन्सिलीऐवजी त्या शिवणीकडं बघितलं असतं तर?

आणि बघायला काही परदेशी यंत्र लागत नाही. उद्यमनगरात कुठल्याही फाउंड्रीच्या पोराला विचारा, डीपी टेस्ट म्हणजे काय. जोड पुसायचा, लाल रंग मारायचा, दहा मिनिटं थांबायचं, पुसून टाकायचा, वर पांढरी पावडर फवारायची. चीर असेल तर पांढऱ्यावर लाल रेघ उमटते. तीन डब्यांचं काम. प्रत्येक जिल्ह्यात आयटीआय आहे, वेल्डिंगचे शिक्षक आहेत. फ्रेमची डीपी टेस्ट, भरल्या गाडीची ठरल्या वेगावरून ब्रेकची चाचणी, चेन लाईन, आणि मग निर्णय. दहातल्या नऊ गाड्या नापास होतील, व्हाव्यातच. माझी झाली असती. परिवहन खात्यातल्या कुणी हे वाचलं तर एवढाच विचार करावा.

पोरांचं काय झालं ते राहिलं. मी त्यांना आत नेलं. कोपऱ्यात ताडपत्रीखाली वडिलांची फ्रेम अजून आहे, पुढच्या पाईपवर वैभववाडीच्या वेल्डरनं तात्पुरता मारलेला पट्टा तसाच. त्यावर बोट फिरवायला लावलं. करूळची गोष्ट सांगितली. सौ. चहा घेऊन आली होती, तिनं मी सांगितलेल्या गोष्टीत दोन दुरुस्त्या केल्या. गटार नव्हतं, खड्डा होता. आणि छत्री नव्हती, प्लास्टिकचा कागद होता.

एक जण रुसला, 390 चं इंजिन घेऊन गेला. कुठंतरी दुसरीकडं बसवून घेईल, मला त्याची काळजी आहे. जावाचा मालक मात्र राहिला. म्हणाला, “मग काका, आजोबांचंच करूया.” जुनं इंजिन उघडलं. क्रँकचं बेअरिंग गंजलेलं, सील दगड झालेली, पण बोअर एकदाच मारलेला. 1966 पासून एकदाच! तो आजोबा गाडी कशी चालवत असेल ते त्या सिलिंडरवर लिहिलेलं आहे. दुसऱ्या ओव्हरसाईजचा 353 चा पिस्टन सध्या आम्ही शोधतोय, जुना, डब्यातला मिळाला तर बरं. कुणा वाचकाकडं असेल तर उद्यमनगरात जावावाले टर्नर कुठं बसतात म्हणून कुणालाही विचारा. पैसे रोख देऊ. आणि येताना पुढचा ब्रेक एकदा बघून या.

आपला वाचक,
एक निवृत्त टर्नर,
शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर